गाडीत मिस्तरी बसला पायजे

(हनीफ मिस्तरी नारायणगावात हायवेलगतच्या गाळ्यात गाड्यांचे पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणाऱ्या मोटरी, दुरुस्त करतात. तीन-चार दुपारी मी त्यांच्याजवळ बसून हे ऐकलं. बोली त्यांचीच ठेवली आहे.)

आमी मूळचे जुन्नरचे. गाळा इथं नारायणगावात आन घर तिथं जुन्नरात, सकाळी जीप धरायची आन संध्याकाळी जीप धरायची, तीस-बत्तीस वर्षं झाली, निम्मं आयुष्य जीपमधीच गेलं म्हणा ना. माझ्या आज्याच्या टायमापर्यंत आमच्या घरात कागद करायचे, हाताचा कागद, चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा करायचा. मी काय ते बघितलं न्हाई. मी बघितला तो मागच्या अंगणातला दगडी हौद, त्यात आई भांडी विसळायची. कागद बंद पडला, मग माझ्या बापानं, अब्बांनी, विहिरीवरच्या डिझेल इंजनांचं काम धरलं. तवा सगळ्या वावरात लाईट कुठं व्हती. सायकलच्या दांडीला पान्ह्यांची पिशवी अडकवायची आन निघायचं, कदी ओतूरकडं, कदी पार घोडेगावच्या अंगाला, इंजन बंद पडलंय म्हणून निरोप आला की निघायचं.

आता अब्बांची एक खोड सांगतो तुमाला, ती सांगितल्याशिवाय माझं पुढचं काय कळायचं न्हाई. इंजन दुरुस्त झालं, चालू झालं, की दुसरा मिस्तरी हात पुसतो आन निघतो. अब्बा निघायचे न्हाईत. इंजनाला पट्टा जोडायला लावायचे, पाणी पाटात येऊ द्यायचे, आन मग बांधावर बसून र्‍हायचे. घरची बाई चहा आणायची, तो प्यायचा. पाणी शेवटच्या वाफ्यात पोचलं की उठायचं. मी बारका व्हतो, बरुबर जायचो, मला लई कंटाळा यायचा. मी म्हणायचो, अब्बा, चाललंय की आता. ते म्हणायचे, नुसतं तर कुठलंबी इंजन चालतं, पाणी उचलताना बगायचं असतं. लोकं काय म्हणायची माहितीये का, हा चहाबाज मिस्तरी हाय, चहा प्याल्याशिवाय हलत न्हाई. तोंडावर म्हणायची. अब्बा हसायचे, म्हणायचे, साखर जरा जास्त टाका मग.

अब्बा गेले, इंजनं बी गेली, विहिरीवर विजेच्या मोटरी आल्या. मी जीपवाल्यांकडं काम शिकलो. मग हळूहळू अशा गाड्या आल्या की ज्यांचा पंप इंजिनापाशी नसतो, मागं टाकीत पेट्रोलमधीच बुडवलेला असतो. एवढीशी मोटर, वावरातल्या काकडीएवढी. चावी फिरवली की दोन सेकंद गुणगुण करती, तुमी ऐकलं नसंल, कुणी ऐकत न्हाई. मला ते ऐकायचं याड लागलं. जीपमधी बसलो तरी माझा कान मागं. शमीम, माझी बायको, म्हणती तुमाला माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाई आन पंपाचं येतं. खरंय तिचं.

पण हे काम वाईट हाय शरीराला. मागची शीट काढायची, त्या भोकात वाकायचं, पेट्रोलची वाफ नाकात, गुडघे दुमडलेले, दिवसाला तीन गाड्या केल्या की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. हाताचा वास जात न्हाई. ताटावर बसलो की पयला घास पेट्रोलचाच लागतो. मुलगा पुण्याला बॅटरीच्या गाड्यांच्या कारखान्यात हाय, तो म्हणतो अब्बा, आमच्या गाडीत पेट्रोलच न्हाई तर पंप कुठनं आला, तुमचं काम संपत आलं. मी म्हणलं, बाबा, काम संपायच्या आदी मीच संपत आलोय. थकलोय वो मी. हे काय आजचं न्हाई, चार-पाच वर्षं झाली, सकाळी शटर वर करताना वाटतं आज कुणी येऊ नये.

तर निलेशची गोष्ट.

निलेश मंचरच्या अलीकडच्या एका गावातला. बटाटा, कांदा, चांगली बागायत. त्याचा बाप माझ्या ओळखीचा व्हता, वारला आता. घरी आई आन चुलते. चुलते म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीचे पक्के नादी, बैलाला पोटच्या पोरापेक्षा जास्त जपणारी माणसं. निलेश पण त्यातच वाढला, पण त्याचा जीव बैलापेक्षा गाडीत. लहान पेट्रोल गाडी घेतली आन मग पुण्याला नेऊन तिच्यात काय काय करून घेतलं, मोठा टर्बो बसवला, कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलला, सायलेन्सर असा की गाडी मंचरात चालू केली तर इथं कळावं. आन मला येऊन म्हणतो, चाचा, पुण्याचा माणूस म्हणला पंप बदलावा लागंल, कंपनीचा पंप पुरत न्हाई.

ते बरुबर व्हतं. सोपं हाय ताई ते. इंजन जेवढी हवा घेतं त्या मापात त्याला पेट्रोल लागतं. टर्बो हवा कोंबतो. पेट्रोल कमी पडलं तर गाडी बंद पडती असं लोकांना वाटतं, बंद पडली तर बरं, ती बंद पडत न्हाई, आत नुसती तापती, पिस्टनला भोक पडतं. म्हणून पंप भरवशाचा पायजे. निलेश पंप घेऊनच आला व्हता, मोबाईलवरनं मागवलेला. चकचकीत डबा, त्यावर हा मोठा आकडा, तासाला इतके लिटर. मला म्हणला, चाचा, बगा, कंपनीच्या दुप्पट हाय.

माझी पद्धत अशी व्हती की पंप बसवायच्या आदी बाटली लावायची. म्हणजे डब्यात पेट्रोल घ्यायचं, पंप बुडवायचा, बॅटरी जोडायची, पाईप रिकाम्या बाटलीत सोडायचा आन घड्याळ बगायचं. लिटरची बाटली किती सेकंदात भरती. ह्या पंपानं पटकन भरली. मी म्हणलं, चांगला हाय. आता तुमाला खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं व्हतं की ह्या पंपाचं अंग हलकं लागतंय, हातात घेतल्यावर कळतं, आत तांब्याची तार कमी असली की वजन लागत न्हाई. आलं मनात. पण टोमॅटोचा सीझन, सकाळपासनं सगळे पिकअपवाले माझ्या डोक्यावर, चाचा माझं आदी, माझा माल सडंल. दुपारचा डबा तसाच बांधलेला. गुडघे नुसते ठणकत व्हते. मी तो पंप बसवला, जुन्याच वायरीवर जोडला, शीट लावली.

निलेश म्हणला, चाचा, चला ना, पुढं चढापर्यंत एक चक्कर मारू, तुमी ऐका कसा आवाज येतो.

मी समोर बगितलं, माझी जुन्नरची जीप भरत आली व्हती, एकच जागा उरली व्हती, ती गेली की मग अर्धा तास उभं र्‍हायचं. मी म्हणलं, जा तू, काय व्हत न्हाई.

एवढंच म्हणलो. जा तू, काय व्हत न्हाई.

पुढच्या आठवड्यात तो आईला घेऊन भीमाशंकरला निघाला. श्रावण चालू व्हता, सोमवारची गर्दी नको म्हणून मंगळवारी. आई पुढं बसली. डिंभ्याच्या पुढं तळेघरकडं चढ लागतो, तो रस्ता तुमी बगितला असंल, वळणं हायेत, धुकं असतं, कडंला नाचणी-भाताची शेतं. पुढं एक पिकअप चालला व्हता पेंडीची पोती घेऊन, हळूहळू. निलेशनं हॉर्न दिला आन बाजूनं काढायला घेतली. गाडीत ताकद व्हती ना, त्या ताकदीच्या भरवशावर काढायला घेतली. पिकअपच्या निम्म्यात गेला आन वरनं एसटी आली. आता दाबलं पायजे आन निघून गेलं पायजे, तर त्यानं दाबलं, आन गाडीनं दमच सोडला. आवाज व्हता, ताकद न्हाई. निलेश मला म्हणला, चाचा, पायाखाली काय न्हाईच असं वाटलं. त्यानं ब्रेक मारला, पिकअपच्या मागं घुसवली, घुसली पण ठोकली. एसटीवाला एवढ्याशा जागेतनं निघून गेला, मग थांबला, उतरून त्यानं शिव्या दिल्या, आन मग आईला बगून पाणी आणून दिलं. आईनं पुढं हात टेकवला व्हता. मनगट मोडलं.

गाडी दोरीला बांधून माझ्याकडं आणली. बरुबर दोघं चुलते. थोरले चुलते म्हणले, मिस्तरी, आमचा बैल आजारी असला तर आमी त्याला गाड्याला जुपत न्हाई, तुमी कसला पंप जुपला. धाकटे म्हणले, जाऊ द्या दादा, म्हातारा झाला मिस्तरी, दिसत नसंल. समोरच्या चहाच्या टपरीवर सगळी ऐकत उभी. संध्याकाळपर्यंत जीपवाल्यांत बी झालं, हनीफ मिस्तरीचा हात गेला. त्या जीपमधी मी बसलोय आन माझ्याबद्दल बोलतायत, मग कुणीतरी खाकरलं तवा गप झाले.

दुसऱ्या दिवशी निलेशची आई आली. मी तिला वहिनी म्हणतो. एकटी आली, शेअर जीपनं, हाताला प्लास्टर, गळ्यात पट्टा. मी खुर्ची दिली. बसली. गाळ्यात सगळीकडं बगितलं. मला वाटलं आता बोलंल, बोलू दे, मी ऐकून घेणार व्हतो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणली, भाऊ, एकच इचारायचं व्हतं. तुमी बसला असता का हिच्यात?

मी चाळीस वर्षं काम करतोय, मला असं कुणी इचारलं न्हाई. हो म्हणावं तर, निलेशनं बस म्हणलं व्हतं, आन मी बसलो नव्हतो. मी जीपमधी बसलो. मी म्हणलं, वहिनी, चहा सांगू का? ती म्हणली, नको, गाडी मिळायची न्हाई, आन गेली.

ती गेल्यावर मी शटर निम्मं ओढलं आन टाकी उघडली.

तळाला दोन बोटं पेट्रोल. मला वाटलं ठोकल्यावर सांडलं का काय, पण टाकी बाहेरनं कोरडी, कुठं गळती न्हाई. निलेशला फोन केला, म्हणलं गाडीत पेट्रोल किती टाकतो तू? तो म्हणला, चाचा, तीन लिटर, लईच लांब जायचं तर पाच. मी म्हणलं का रे, परवडत न्हाई? तो म्हणला, न्हाई चाचा, वजन कशाला व्हायचं. आता बगा. त्याच्या घरी शर्यतीचा गाडा कसा करतात, रंधा मारून मारून लाकूड हलकं करतात, एक खिळा जास्त असला तर काढतात, सेकंदाचा खेळ असतो ना तो. निलेशनं लहानपणापासनं तेच बगितलं. गाडा हलका तर बैल पळतो. म्हणून गाडीत पेट्रोल थोडं, मागची स्टेपनी काढलेली, मी लावून दिलेली मागच्या शीटची गादी बी त्यानं नंतर काढलेली. त्याच्या डोक्यात ते लई बरुबर व्हतं. आन त्याच्या चुलत्यांना बी बरुबरच वाटलं असतं, ह्या आपल्या पट्ट्यात कुणाला बी वाटलं असतं.

पण पंप पेट्रोलमधी का बुडवतात? गार र्‍हायला. म्हैस उन्हाळ्यात डबक्यात बसती तसा तो बसलेला असतो. पाणी आटवलं तर म्हैस बाहेर येऊन सावलीला जाईल, पंप कुठं जाईल? तो तिथंच तापतो. आन चढावर, वळणावर, दोन बोटं पेट्रोल टाकीच्या एका कोपऱ्यात पळतं, पंप हवा ओढतो. पंप काढून हातात घेतला, एका अंगानं काळा पडला व्हता.

मला सुटका झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणलं, झालं, चूक ह्याची निघाली. चुलत्यांना बोलवायचं, टाकी दाखवायची, टपरीवर दाखवायची, माझा हात गेला न्हाई म्हणून. चपला घालून टपरीपर्यंत गेलो बी. चहा सांगितला. आन तो कप हातात घेतला आन अब्बा आठवले. पाणी उचलताना बगायचं असतं.

माझी बाटली. बाटलीत पाईप सोडला तर पंपाला कसलाच भार नसतो, ताई. इंजिनाला पेट्रोल दाबानं द्यावं लागतं, पंपाला ढकलावं लागतं. डब्यावरचा आकडा बी तसाच, बिनभाराचा. मी इतकी वर्षं बाटली लावत व्हतो, साध्या गाड्यांना ते चालून जायचं, म्हणून मला वाटायचं माझी पद्धत बरुबर हाय. चहा तसाच ठेवून परत आलो. पाईपला वाल्व्ह लावला, दाबाचा काटा लावला, तसलाच नवीन पंप एकाकडनं आणला आन उघड्यावर, बिडीकाडी लांब ठेवून, दाब देऊन बाटली लावली. जी बाटली आदी पटकन भरली व्हती तिला आता तिप्पट टाईम लागला. पंप नकली व्हता, डबा तेवढा खरा. आन तोच पंप गाडीतल्या वायरीवर चालवला, वायर धरली तर गरम. जुनी बारीक वायर, मोठी मोटर, तिच्यापर्यंत पुरती वीज पोचतच नव्हती. म्हणजे टाकी त्यानं रिकामी ठेवली, पण पंप मी बसवला, वायर मी जोडली, टाकीत किती भरतो म्हणून मी इचारलं न्हाई, आन संगं बसलो न्हाई. बसलो असतो तर पयल्या चढावर कळलं असतं, माझा कान हाय ना.

मी मंचरच्या गाडीत बसलो आन त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर चुलते व्हते. सगळं सांगितलं, निलेशचं बी सांगितलं, माझं बी सांगितलं. थोरले चुलते म्हणले, मग आता वायरीचं आन पंपाचं कशाला सांगताय, टाकीचं सांगून मोकळं व्हायचं. मी म्हणलं, वहिनीनं इचारलंय. ती दारात उभी व्हती. डाव्या हातानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मग पंप शोधायचं काम लागलं. निलेशला वाटायचं आता सगळ्यात मोठा आणू. मी म्हणलं, अरे, मोठा पंप आणला तर इंजन तेवढं पिणार हाय का? उरलेलं पेट्रोल फिरून फिरून टाकीत परत येणार, तापून येणार. तुझ्या इंजिनाला भर चढावर जेवढं लागतं त्याच्यापेक्षा थोडं जास्त, तेवढं बास. पुण्याला ज्यानं गाडी केली त्याला फोन लावला, दाब किती, पेट्रोल किती लागतं ते इचारून भिंतीवर खडूनं लिवलं. दुकानदारांना म्हणलं, डब्यावरचा आकडा मला नको, ह्या दाबाला किती देतो तो कागद दाखवा. निम्म्यांनी फोन ठेवला. तीन पंप आले. एक काट्यावर आल्या आल्या थरथरायला लागला. दुसरा झकास वाटला. निलेश म्हणला, हाच, चाचा. मी म्हणलं, थांब, चहा सांग. चहा आला, आमी प्यालो, पंप चालूच, दुसरा चहा सांगितला, आन तो अर्धा झाला तोवर काटा खाली यायला लागला. गार असताना पळतो, गरम झाला की बसतो. निलेश बगतच र्‍हायला. तिसरा पंप दिसायला काय न्हाई, साधा, मोठ्या गाडीत कंपनीतनंच येतो तो. त्याच्यासाठी आमी तीन चहा प्यालो. काटा जाग्यावर. त्याला जाड वायर टाकली, सरळ बॅटरीवरनं, मधी रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारी डबी, टाकीतली जाळी नवी. चार दिवस लागले मला, पूर्वी एका दिवसात केलं असतं. वाकलो की उठता येत न्हाई.

पुढचा चेपलेला पत्रा सरळ करून झाला, मग निलेशला म्हणलं, चल, तळेघरला.

दाबाचा काटा लांब पाईप टाकून पुढच्या काचेपाशी चिकटपट्टीनं लावला. टाकी फुल केली, निलेशचं तोंड बगण्यासारखं झालं, म्हणला, चाचा, लई जड झाली. मी म्हणलं, माझं वजन केवढं हाय माहितीये का, मला उतरवतो का आदी? वाटेत त्याच्या दारात थांबलो पाणी प्यायला तर वहिनी लुगड्याचा पदर खोचून तयार. म्हणली, मी मागं बसती. मागं गादी नव्हती, तिनं घरातनं गोधडी आणली, ती घालून बसली. चुलते म्हणले, तू कशाला. ती म्हणली, मिस्तरी बसलेत ना.

ताई, मला त्या दिवशी जेवढी भीती वाटली तेवढी कदी वाटली न्हाई. डिंभं गेलं, चढ लागला, मी काट्याकडं बगतोय आन कान मागं, निलेशला म्हणतोय दाब, अजून दाब, आता सोड, परत दाब. ते वळण आलं. मागं वहिनीनं माझ्या शीटची पाठ धरली, एका हातानं, मला कळलं. निलेशनं दाबलं, गाडी उठली, काटा केसभर बी हलला न्हाई. वर गेलो, परत खाली आलो, परत वर. पेट्रोल पाव टाकीवर येईस्तोवर फिरवली, पाव टाकीवर बी तेच चढ घेतले. काटा जाग्यावर. तळेघरला टपरीवर चहा घेतला. मी चहाकडं बगून हसलो तर निलेश म्हणला, काय झालं चाचा? म्हणलं, काय न्हाई, साखर जरा कमी हाय.

परत येताना वहिनी पुढं बसली आन मी मागं, गोधडीवर, पाय लांब करता येत्यात म्हणून. पंप माझ्या खालीच, एका सुरात गुणगुणत व्हता, आन मला कदी झोप लागली कळलं न्हाई. गाडीत मला झोप लागत न्हाई, कदीच लागत न्हाई, जीपमधी सगळी पेंगतात, मी पंप ऐकत बसतो. जाग आली तर गाडी हळू चालली व्हती, घोडेगाव मागं पडलं व्हतं. वहिनी निलेशला दबक्या आवाजात म्हणत व्हती, हळू चालव, मिस्तरी झोपलेत. मग जरा थांबून म्हणली, झोपले म्हणजे गाडी नीट हाय. मी डोळे तसेच मिटून ठेवले.

आता वहिनीचं प्लास्टर निघालंय, मूठ अजून पक्की आवळत न्हाई, भाकरी थापायला त्रास व्हतो म्हणती. ते माझ्यावरच हाय, ते काय पुसलं जायचं न्हाई. तिनं गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यापाशी थोरल्या चुलत्यांच्या नातीच्या नेलपॉलिशनं लाल रेघ मारलीये, निम्म्या टाकीवर. काटा त्या रेघेखाली असला तर बसतच न्हाई. निलेश बी आता चारचौघांना सांगत फिरतो, पंपाला पेट्रोलमधी बसू द्या म्हणून.

मी गाळा अजून बंद केला न्हाई. करीन. दिवसाला एकच गाडी घेतो आता, आन गाडी झाली की चक्करला संगं बसतो, चढ असंल तिथपर्यंत. गिऱ्हाईकं वैतागतात. टपरीवाला म्हणतो, बाप चहासाठी थांबायचा, ल्योक झोपायसाठी गाडीत बसतो. म्हणू दे. थकलोय मी, ताई, खरंच थकलोय, अल्लाला म्हणतो आता बास. पण गाडी घेऊन कुणी दारात आलं तर त्याला तेवढंच सांगतो, घाई करू नको बाबा, मला मागं बसू दे, मला झोप लागली की मंग तुझ्या घरच्यांना बसव, आन सुखानं घरी जा.